कळा आणण्याचे औषध : कारण, दिवस आणि जागा

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गर्भारपणाचा काळ सांगताना मराठी माणूस ‘नऊ महिने नऊ दिवस’ असे म्हणतो. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून आलेल्या या हिशेबाशी वैद्यकशास्त्राचा हिशेब जवळजवळ जुळतो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ९ महिने आणि ७ दिवस, हा प्रसूतीचा अपेक्षित काळ मानला जातो. १० जून रोजी शेवटची पाळी आली असेल, तर १७ मार्च ही अपेक्षित तारीख ठरते.

तथापि निसर्ग पंचांग पाहून चालत नाही. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवडे पूर्ण होईपर्यंत केव्हाही होणारी प्रसूती ही दिवस भरलेली प्रसूती होय. बहुतेक स्त्रियांना या काळात आपोआप कळा सुरू होतात आणि त्यांची सुखरूप सुटका होते. परंतु काही स्त्रियांच्या बाबतीत वाट पाहणे धोक्याचे ठरते. आईचा रक्तदाब वाढलेला असतो, पाणमोट फुटूनही कळा येत नाहीत, किंवा दिवस उलटून गेलेले असतात. अशा वेळी औषधाने अथवा अन्य उपायाने कळा सुरू करून प्रसूती घडवून आणावी लागते. या उपचाराने असंख्य माता आणि बालके वाचली आहेत. हेच औषध अयोग्य हाती, अयोग्य वेळी आणि अयोग्य जागी वापरले गेले, तर तेच माता-बालकांच्या जिवावर उठते. हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. बाळंतिणीला कोणत्या दिवशी, कोठे आणि कोणाच्या हाती न्यायचे, याचा निर्णय अनेकदा घरच्या ओसरीवर होतो. म्हणूनच गावातील जाणत्या माणसांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

कळ म्हणजे काय?

गर्भाशय ही स्नायूंची पिशवी आहे. तिच्या खालच्या टोकाला मुख असते. गर्भारपणात हे मुख घट्ट मिटलेले आणि कठीण असते. दिवस भरत आले, की ते मऊ होते, आखडते आणि हळूहळू उघडू लागते. कळ येते तेव्हा गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि मूल खाली सरकते.

कळ चालू असताना वारेकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणजे प्रत्येक कळेला मूल जणू क्षणभर श्वास कोंडून धरते. कळ ओसरली, गर्भाशय सैल पडले, की रक्त पुन्हा वाहू लागते आणि मुलाला प्राणवायू मिळतो. कळेइतकीच दोन कळांमधील विश्रांतीही मोलाची असते, ती यासाठी. १० मिनिटांत ५ पेक्षा अधिक कळा येऊ लागल्या, की ही विश्रांती अपुरी पडते आणि मूल गुदमरू लागते. त्यातच मूल आडवे असेल किंवा आईचे कटिर अरुंद असेल, तर मुलाला बाहेर पडण्यास वाट नसते. वाट बंद आणि मागून जोर प्रचंड, अशा कोंडीत गर्भाशय फाटू शकते. अंतर्गत रक्तस्राव होऊन काही वेळातच आई आणि मूल दोघेही दगावू शकतात.

चाळीस वर्षांत मिळालेला धडा

कळा आणणाऱ्या औषधाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९०६ साली इंग्लंडमध्ये सर हेन्री डेल यांना असे आढळले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागाच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते. १९०९ साली ब्लेअर-बेल यांनी हा अर्क प्रसूतीच्या कामी वापरला. त्यानंतरची सुमारे चाळीस वर्षे तो इंजेक्शनाच्या रूपाने एकदम टोचला जात असे. कळा जोरात येत, कित्येकींची सुटकाही लवकर होई. परंतु गर्भाशय फाटण्याच्या आणि मूल मृत जन्मण्याच्या घटनाही घडत. एकदा टोचलेले औषध परत काढता येत नाही, हे त्यामागचे साधे कारण होते.

१९४८ साली जेफ्री थिओबाल्ड यांनी हेच औषध सलाईनमध्ये मिसळून थेंबाथेंबाने शिरेतून देण्याची पद्धत मांडली. शरीर स्वतः जेवढे निर्माण करते, साधारण तेवढ्याच अल्प प्रमाणात औषध द्यावे आणि कळा फार वाढल्या तर नळी बंद करावी, हे या पद्धतीचे मर्म होय. १९५३ साली व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी या अर्कातील मूळ द्रव्य, म्हणजे ऑक्सिटोसिन, प्रयोगशाळेत तयार केले. १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून शुद्ध आणि मोजून देता येणारे औषध उपलब्ध झाले.

मात्रेचे महत्त्व एका हिशेबावरून कळेल. प्रसूतीपूर्वी ऑक्सिटोसिन सुरू करताना ते मिनिटाला १ ते २ मिलियुनिट, म्हणजे एका युनिटचा हजारावा किंवा पाचशेवा भाग, या गतीने दिले जाते. १० युनिट औषध मिनिटाला २ मिलियुनिट या आरंभीच्या गतीने दिले, तर ते संपायला ३ दिवसांहून अधिक काळ लागेल. जो कोणी तेच १० युनिट औषध कळा आणण्यासाठी एका क्षणात दंडात टोचतो, तो काय करतो आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आणि तरीही हेच १० युनिटचे इंजेक्शन प्रत्येक प्रसूतिगृहात रोज दिले जाते व दिलेच पाहिजे. परंतु ते बाळ जन्मल्यानंतर, पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून दिले जाते. त्या वेळी गर्भाशय घट्ट आवळले जाणे हेच हिताचे असते, कारण त्यामुळे रक्तस्राव रोखला जातो. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. औषध एकच, मात्राही तीच. बाळ बाहेर येण्यापूर्वी टोचले तर घातक आणि बाळ बाहेर आल्यानंतर टोचले तर तारक.

पहिला प्रश्न : कारण काय?

कळा कृत्रिमरीत्या आणण्यास सबळ वैद्यकीय कारण असावे लागते. गर्भारपणातील उच्च रक्तदाब आणि त्यातून उद्भवणारे झटके, पाणमोट फुटून कळा न येणे, मधुमेह, मुलाची वाढ खुंटणे, मूल पोटात दगावणे आणि दिवस उलटून जाणे ही त्यांतील प्रमुख कारणे होत. वार गर्भाशयाच्या मुखावर असेल किंवा मूल आडवे असेल, तर कळा आणणे हेच मुळी वर्ज्य आहे. आधीची प्रसूती शस्त्रक्रियेने झाली असेल, तर जुन्या व्रणावर गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. म्हणून अशा स्त्रीची शस्त्रक्रियेची माहिती आणि जुने कागद डॉक्टरांना अवश्य दाखवावेत.

अलीकडे शुभ मुहूर्तावर किंवा सोयीच्या तारखेला मूल जन्मावे, असा आग्रह काही घरांतून धरला जातो. मुहूर्त हे वैद्यकीय कारण नव्हे. विनाकारण आणि अवेळी कळा आणल्यास मूल अपुऱ्या वाढीचे निघू शकते, आणि गर्भाशयाचे मुख तयार नसल्यास प्रयत्न फसून शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

मुख तयार आहे किंवा नाही हे अंदाजाने ठरत नाही. १९६४ साली एडवर्ड बिशप यांनी त्यासाठी गुणपद्धती सुचविली. मुख किती उघडले, किती आखडले, किती मऊ झाले, त्याची दिशा कोणती आणि मुलाचे डोके किती खाली आले, या ५ बाबींना मिळून १३ गुण असतात. शिक्षकांना ही पद्धत परिचयाची वाटेल. गुण कमी असतील, तर प्रथम मुख मऊ करण्याचे उपाय योजले जातात, आणि त्यानंतर आवश्यक तर सलाईनमधून ऑक्सिटोसिन दिले जाते.

दुसरा प्रश्न : दिवस कोणता?

दिवस उलटून जाणे हे कळा आणण्याचे वारंवार आढळणारे कारण आहे. ४१ आठवड्यांनंतर वाट पाहण्यातला धोका वाढत जातो. स्वीडनमध्ये २,७६० स्त्रियांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना ४१ आठवडे पूर्ण होताच कळा आणण्याचे आणि उरलेल्यांनी ४२ आठवड्यांपर्यंत थांबण्याचे ठरले होते. थांबलेल्या गटात ६ बालके दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. त्यामुळे तो अभ्यास मध्येच थांबविण्यात आला. गुंतागुंत नसलेल्या गर्भारपणात ४१ आठवड्यांपूर्वी सरसकट कळा आणू नयेत आणि ४१ आठवडे निश्चितपणे पूर्ण झाल्यावर आणाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

येथे ‘निश्चितपणे’ हा शब्द कळीचा आहे. तारीखच चुकीची धरली असेल, तर दोन्ही बाजूंनी घात होतो. ३६ आठवड्यांची गर्भवती ४० ची समजली गेली, तर तिच्या मुलाला अवेळी जगात आणले जाईल. ४२ आठवडे झालेली स्त्री ३९ ची समजली गेली, तर घरची माणसे निर्धास्त बसतील आणि मूल पोटातच दगावण्याचा धोका वाढत राहील. आठव्या महिन्यात प्रथमच तपासणीस आलेल्या स्त्रीचे दिवस अचूक सांगणे सोनोग्राफीलाही कठीण जाते. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी मात्र हे दिवस बऱ्याच अचूकतेने सांगते.

म्हणून सुरक्षित प्रसूतीची पहिली पायरी म्हणजे पाळी चुकताच केलेली नोंद. १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे आणि शेवटच्या पाळीची तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावी. कित्येक स्त्रियांना तारीख आठवत नाही. परंतु पोळ्याच्या आदल्या दिवशी, संक्रांतीनंतर चार दिवसांनी, गावच्या जत्रेच्या आठवड्यात, अशी खूण त्यांना नेमकी आठवते. आशा कार्यकर्तीने त्या खुणेवरून तारीख काढावी.

तिसरा प्रश्न : जागा कोणती?

एखाद्या वाडीवरचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पहिलटकरीण आहे. रात्रीपासून थोड्या कळा येत आहेत, पण सुटका होत नाही. बाहेर पाऊस आहे. घरातील वडीलधारी बाई म्हणते, “पोरगी अडली आहे. कोणाला तरी बोलवा, एक सुई टोचली की मोकळी होईल.” गावात औषधे देणारा कोणी तरी येतो आणि इंजेक्शन देतो. कळा एकदम जोर धरतात. मुलाचे ठोके ऐकणारे तेथे कोणी नसते, मूल सरळ आहे की आडवे हे कोणी पाहिलेले नसते, आणि काही बिघडले तर शस्त्रक्रियेची सोय कित्येक किलोमीटर दूर असते. घरच्यांचा हेतू वाईट नसतो. आपण मदत करीत आहोत, अशीच त्यांची समजूत असते. म्हणूनच ही समजूत बदलणे आवश्यक आहे.

उत्तर प्रदेशातील घरगुती बाळंतपणांमध्ये कोणत्याही देखरेखीविना असे इंजेक्शन दिले जात असल्याचे संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखातून नोंदविले आहे. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु उरलेल्या प्रसूतींतील माता प्रामुख्याने दुर्गम भागांतील असतील, तर धोका नेमका तेथेच साठून राहतो, हे विसरता येणार नाही.

हे औषध खेड्यांना अपरिचित नाही. जनावराला पान्हा फुटावा म्हणून त्याचा गैरवापर होत आला आहे. तो रोखण्याच्या हेतूने केंद्र शासनाने २०१८ साली देशांतर्गत वापरासाठी ऑक्सिटोसिनचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रापुरते मर्यादित केले होते. माता वाचविणाऱ्या औषधाचा तुटवडा पडेल, हा आक्षेप न्यायालयापुढे आला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते निर्बंध रद्द ठरविले. औषध दुर्मिळ करून प्रश्न सुटत नाही, ते योग्य हाती राहील हे पाहावे लागते, हा त्यातील बोध आहे.

कळा आणण्याची योग्य जागा म्हणजे जेथे मुलाचे ठोके आणि कळा नियमितपणे तपासल्या जातात, प्रशिक्षित परिचारिका सतत हजर असते आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया करता येते, ते रुग्णालय. अशी सोय नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्राने स्त्रीला वेळीच पुढे पाठविले, तर ते केंद्राचे अपयश नसून कर्तव्यदक्षता आहे, हे नातेवाइकांना समजावून सांगितले पाहिजे.

नागपूरचा अभ्यास

हे उपचार केवळ परदेशांतील मोठ्या रुग्णालयांनाच साधतात, असे मानण्याचे कारण नाही. २०१३ ते २०१५ या काळात नागपूरमधील दोन सार्वजनिक रुग्णालयांत उच्च रक्तदाब असलेल्या ६०२ गर्भवतींचा अभ्यास झाला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटास मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडावाटे दिली गेली. दुसऱ्या गटात गर्भाशयाच्या मुखात फुगा असलेली रबरी नळी बसवून मुख उघडले गेले. २४ तासांत नैसर्गिक मार्गाने प्रसूती होण्याचे प्रमाण गोळीच्या गटात ५७ टक्के व नळीच्या गटात ४७ टक्के होते. स्वस्त आणि सोपा उपाय सार्वजनिक रुग्णालयातही परिणामकारक ठरतो, हे त्यातून दिसले.

याच मिसोप्रोस्टॉलची पोटातील व्रणासाठी मिळणारी गोळी २०० मायक्रोग्रॅमची असते, म्हणजे एका गोळीत कळा आणण्याच्या ८ मात्रा सामावलेल्या असतात. दुकानातून आणलेली अशी एक गोळी घरी दिली, तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय आधी शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या स्त्रीला दिवस भरल्यावर कळा आणण्यासाठी हे औषध देऊ नये, असा स्पष्ट इशारा आहे.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील प्रत्येक गर्भवतीची अपेक्षित तारीख आशा कार्यकर्तीकडे नोंदलेली आहे याची खात्री करावी. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत पुढील महिन्यात दिवस भरणाऱ्या स्त्रियांच्या प्रवासाची सोय ठरवावी. पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या पाड्यांवरील स्त्रियांना तारखेच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवावे. आदिवासी भागातील ‘माहेरघर’ योजनेचा हेतू हाच आहे. १०२ व १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक प्रत्येक घरात ठाऊक असावेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सार्वजनिक रुग्णालयांतील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे आणि ने-आण विनामूल्य आहे. पैशाच्या भीतीने कोणी घरी थांबता कामा नये.

शिक्षकांनी पालकसभांमधून आणि वरच्या वर्गांतील मुलामुलींपुढे हा विषय संकोच न बाळगता मांडावा. २८० दिवसांचे गणित वर्गात सोडविता येते. आज ते गणित शिकणारी मुलेच उद्या घरातील निर्णय घेणार आहेत.

अधिकाऱ्यांनी दोन गोष्टी विशेषत्वाने पाहाव्यात. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे शीतपेटीत, ठेवावे लागते. उष्णतेने त्याचा गुण कमी होतो आणि ऐन रक्तस्रावाच्या वेळी ते दगा देते. दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना हे औषध विकले जाणार नाही, यावर अन्न व औषध प्रशासनाच्या साहाय्याने नजर ठेवावी.

आणि या सर्वांत त्या स्त्रीला विसरू नये. कळा का आणायच्या, किती वेळ लागू शकेल, प्रयत्न फसला तर काय करावे लागेल, हे तिला तिच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे आणि तिची संमती घेतली गेली पाहिजे. हा उपचार कधी कधी एका दिवसाहून अधिक काळ चालतो. तेवढा वेळ जवळ आई, बहीण किंवा सासू असली, की तिला धीर येतो. मूल तिच्या पोटी आहे, तेव्हा प्रश्न विचारण्याचा पहिला हक्कही तिचाच आहे.

वाडीवरच्या त्या घरात “एक सुई टोचा” हे शब्द पुन्हा उच्चारले जातील. त्या वेळी ओसरीवर बसलेल्यांपैकी एकाने तरी विचारावे : कारण काय, दिवस कितवा आणि जागा कोणती? या तिन्हींचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती सुई देऊ नये. १०८ क्रमांक फिरवावा आणि बाळंतिणीला रुग्णालयाच्या वाटेला लावावे. तिची आणि तिच्या बाळाची सुखरूप सुटका या एका प्रश्नावर अवलंबून असू शकते.